घरी शिकून महाविद्यालयात जाताना: प्रवेशाच्या कागदांपासून पहिल्या सत्रापर्यंत

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात नाव, जन्मतारीख आणि पत्ता भरून झाला की पुढचा रकाना शाळेचे नाव विचारतो, त्यापुढचा परीक्षा मंडळाचे, आणि त्यापुढचा उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व आसनक्रमांक. घरी शिकलेल्या विद्यार्थ्याची गाडी नेमकी इथे अडते. बरेचदा संगणकावरचा अर्ज हे रकाने रिकामे ठेवून पुढचे पानही उघडू देत नाही. या विद्यार्थ्याने बीजगणित केलेले असते, निबंध लिहिलेले असतात, कदाचित शाळेतल्या समवयस्कांपेक्षा अधिक पुस्तके वाचलेली असतात. पण त्याचा अभ्यास तपासणारी माणसे घरातलीच असतात, आणि प्रवेश देणाऱ्या संस्थेला तिऱ्हाइताची साक्ष हवी असते. घरातून महाविद्यालयापर्यंतच्या तयारीतला मोठा भाग म्हणजे ही साक्ष वेळेत, योग्य माणसाकडून आणि योग्य नमुन्यात गोळा करणे होय. हे काम शेवटच्या वर्षी हाती घेतले तर धावपळ होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाती घेतले तर ते अभ्यासाच्या ओघातच होऊन जाते.

कोणती साक्ष चालेल हे मात्र प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. सातवीनंतर शाळा सोडलेल्या आणि दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्या मुंबईतील एका विद्यार्थिनीला २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने, प्रवेश दिला, कारण आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली होती. त्याच विद्यार्थिनीला बारावी नसल्यामुळे आयआयटीचे दार बंद होते, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला एम.एस्सी.च्या पातळीवरील अभ्यासासाठी सामावून घेतले होते. ऑलिंपियाडची पदके हजारात एखाद्याच्याच वाट्याला येतात, म्हणून हे उदाहरण अनुकरणासाठी दिलेले नाही. विद्यार्थिनी एकच असूनही तीन संस्थांची तीन उत्तरे आली, एवढेच त्यातून घ्यावे, आणि ‘घरी शिकलेल्यांना कॉलेजात घेतात का’ हा मोघम प्रश्न सोडून ‘या संस्थेच्या या अभ्यासक्रमाला काय लागते’ हा नेमका प्रश्न विचारायला सुरुवात करावी.

पहिली पायरी: शेवटाकडून सुरुवात

अपेक्षित प्रवेशाच्या साधारण चार वर्षे आधी आठ-दहा अभ्यासक्रमांची कच्ची यादी करावी. मुलाची आवड पुढे बदलेल हे गृहीत धरूनच ही यादी करायची असते, त्यामुळे तिच्यात निदान दोन वेगळ्या शाखा आणि दोन वेगळ्या प्रकारच्या संस्था असाव्यात. प्रत्येक अभ्यासक्रमापुढे चार गोष्टी लिहाव्यात: कोणते प्रमाणपत्र अनिवार्य आहे, त्यात कोणते विषय असायलाच हवेत, कोणती प्रवेश परीक्षा लागते आणि प्रात्यक्षिकांची काही अट आहे का. ही माहिती संस्थेच्या चालू वर्षाच्या प्रवेश पुस्तिकेतूनच घ्यावी. ओळखीच्या कुटुंबाला तीन वर्षांपूर्वी आलेला अनुभव दिलासा देतो, पण नियम तोवर बदललेले असू शकतात.

यादी तयार झाली की दारांचे प्रकार आपोआप दिसू लागतात. काही संस्था प्रमाणपत्राशिवाय अर्जच घेत नाहीत. काही ठिकाणी प्रवेश परीक्षाच सर्व काही ठरवते असे वाटते, पण तिच्यामागेही प्रमाणपत्र उभे असते: जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये उत्तम क्रमांक मिळाला तरी आयआयटीत प्रवेशासाठी बारावीला किमान ७५ टक्के, काही प्रवर्गांसाठी ६५ टक्के, गुण किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याची संपूर्ण फाइल वाचून निर्णय घेतात. एमआयटी तर शालान्त पदविकेची अटही घालत नाही. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीसारख्या संस्था बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना आधीच्या शिक्षणाची अट न ठेवता प्रवेश देतात, कारण १९६९ साली ती स्थापन झाली तीच शाळेची वाट चुकलेल्यांना उच्च शिक्षण देण्यासाठी. याउलट जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असल्याने घरी शिकवण्यास जवळजवळ वावच नाही, आणि तिथल्या विद्यापीठांना आबिटूर ही शालान्त परीक्षा किंवा तिच्या तोडीचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे जर्मनीत शिकायचे असेल तर औपचारिक परीक्षा टाळण्याचा विचार आरंभीच सोडावा.

पुस्तिकेत घरी शिकलेल्यांचा उल्लेख सापडला नाही तर प्रवेश विभागाला थेट लिहावे. पत्र पाच-सहा ओळींचे असावे, त्यात मुलाचे वय, सध्याचा अभ्यास आणि अपेक्षित वर्ष सांगून एकच प्रश्न विचारावा: अमुक मंडळाची, खासगी परीक्षार्थी म्हणून दिलेली परीक्षा या अभ्यासक्रमासाठी ग्राह्य आहे का? दूरध्वनीवर मिळालेल्या होकाराला पुढे काडीचीही किंमत राहत नाही, म्हणून उत्तर लेखी मागावे आणि ते छापून जपून ठेवावे. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर बसलेली व्यक्ती वेगळी असते, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: मान्यताप्राप्त प्रमाणपत्र

मला विचाराल तर, ज्यांच्या यादीत प्रमाणपत्राशिवाय प्रवेश देणाऱ्या संस्थाच आहेत त्यांनीही एखादे मान्यताप्राप्त शालान्त प्रमाणपत्र मिळवून ठेवावे. काही पालकांना ही शरणागती वाटते, कारण परीक्षांच्या चाकोरीतून बाहेर पडण्यासाठीच त्यांनी मुलाला घरी शिकवलेले असते. पण दहा-बारा वर्षांच्या मोकळ्या शिक्षणातले एक-दीड वर्ष परीक्षेला दिल्याने आधीचे शिक्षण पुसले जात नाही, आणि पुढे नोकरी, स्पर्धा परीक्षा किंवा पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हेच प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागितले जाते.

भारतात यासाठी सर्वांत वापरात असलेला मार्ग म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. ही संस्था १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल या नावाने सुरू झाली. माध्यमिक परीक्षेसाठी वयाची किमान १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, प्रमाणपत्रासाठी निदान एका भाषेसह पाच विषय लागतात, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सर्व विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नसल्याने एका सत्रात दोन, पुढच्यात तीन अशी विभागणी करता येते, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना हीच गोष्ट सर्वांत मानवते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, शिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय आहे. मात्र दोन गोष्टी अनेकांच्या उशिरा लक्षात येतात. पहिली, लेखी परीक्षेच्या जोडीला प्रत्येक विषयाच्या गृहकार्याला २० टक्के भार असतो, तेव्हा ते वेळेत जमा करणे म्हणजे हातचे गुण राखणे. दुसरी, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक यांच्या पूर्ण प्रमाणपत्रांत दोन वर्षांचे अंतर ठेवावे लागते. म्हणून ‘अभ्यास तर झालेलाच आहे, दोन्ही परीक्षा एका वर्षात उरकू’ असा बेत इथे चालत नाही, आणि दहावीला उशीर झाला की बारावीही तेवढीच पुढे ढकलली जाते. राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायची असेल तर महाराष्ट्रात १७ नंबरचा अर्ज भरून खासगी परीक्षार्थी म्हणून बसता येते. शाळेचा दाखला हाताशी असलेल्यांना आणि मराठी माध्यमातून परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांना तो मार्ग सोयीचा पडतो.

केंब्रिज इंटरनॅशनल या ब्रिटिश मंडळाच्या आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची) आणि ए-लेव्हल (साधारण बारावीच्या पातळीची) या परीक्षा अनेक देशांत चालतात, पण त्यांच्याकडे थेट नोंदणी होत नाही. मान्यताप्राप्त परीक्षा केंद्र असलेल्या एखाद्या शाळेने खासगी परीक्षार्थी म्हणून स्वीकारावे लागते, आणि सगळी केंद्रे बाहेरची मुले घेत नाहीत. तेव्हा विषय ठरवण्याआधी केंद्र शोधावे. खरी मेख प्रात्यक्षिकांत आहे. आयजीसीएसईच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी प्रश्नपत्रिका निवडता येते, परंतु ए-लेव्हलच्या याच विषयांत प्रयोगशाळेत उभे राहूनच परीक्षा द्यावी लागते. स्वयंपाकघरातल्या प्रयोगांवर वाढलेल्या मुलाला ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडण्याची नळी, हाताळायची पहिली वेळ परीक्षेच्या दिवशी येऊ नये, यासाठी वर्षभर आधी एखाद्या शाळेची वा शिकवणीची प्रयोगशाळा ठरावीक तासांसाठी मिळवावी. वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा शुद्ध विज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेची ही व्यवस्था पहिल्या क्रमांकाचे काम आहे.

अमेरिकेत घरी शिकवणे पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियमांत मोठी तफावत आहे: पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मूल्यमापकाकडून मुलाच्या कामाची फाइल तपासून घ्यावी लागते, तर टेक्सासमध्ये साधी नोंदणीही लागत नाही. तिथे पालक स्वतः पदविका देऊ शकतात आणि बहुतेक विद्यापीठे ती इतर पुराव्यांसह विचारात घेतात. जिथे ती पुरत नाही तिथे जीईडी ही समकक्षता परीक्षा देता येते. दुसऱ्या महायुद्धात शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्या सैनिकांसाठी १९४२ साली ती सुरू झाली. आज तिच्यात गणित, भाषा, सामाजिक शास्त्र आणि विज्ञान अशा चार प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीत उत्तीर्ण होण्यास २०० पैकी १४५ गुण लागतात.

एक धोक्याची सूचना इथेच द्यायला हवी. ‘घरबसल्या एका महिन्यात दहावी-बारावी’ अशा जाहिराती करणारी, नावात ‘बोर्ड’ किंवा ‘काउन्सिल’ मिरवणारी दुकाने अनेक आहेत. आपल्याला जिथे जायचे आहे ते विद्यापीठ त्या मंडळाला मान्यता देते का, हे विद्यापीठालाच विचारावे. मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील मान्यतेचे दावे पुरावा म्हणून धरू नयेत. परदेशी मंडळाची परीक्षा देऊन भारतात शिकायचे असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेचे समकक्षता प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते मिळायला लागणारा वेळही वेळापत्रकात धरावा लागतो.

तिसरी पायरी: नोंदवही आणि तिच्यातून घडणारे गुणपत्रक

घरच्या अभ्यासाचे गुणपत्रक, ज्याला बाहेर ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, ते फाइल वाचून प्रवेश देणाऱ्या संस्थांसाठी सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. आणि ते शेवटच्या वर्षी आठवणीवरून लिहिलेले असेल तर अनुभवी वाचकाला लगेच कळते. नववीच्या वयापासून एक नोंदवही ठेवावी. तिच्यात दर आठवड्याला दहा मिनिटे बसून कोणत्या विषयाला किती तास दिले, कोणते पुस्तक किंवा व्याख्यानमाला वापरली, काय लिहिले वा बनवले आणि कोणी तपासले, एवढे टिपावे. पालकांनी सुरुवात करून द्यावी, पण सहा महिन्यांत ही वही मुलाच्या हाती सोपवावी, कारण पुढे आपल्या अभ्यासाविषयी बोलायचे आहे ते मुलाला.

तास मोजण्यासाठी अमेरिकेत १९०६ पासून रूढ झालेले कार्नेगी एकक उपयोगी पडते: एका विषयाचा सुमारे १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक एकक. हे माप सरधोपट आहे. हुशार मुलगी तेच ७० तासांत करील आणि एखाद्याला २०० लागतील, म्हणून पाठ्यपुस्तकाचा बहुतांश भाग पूर्ण करून त्यावर परीक्षा झाली असेल तर तासांची फार चिकित्सा न करता एकक धरण्यास हरकत नाही. गुणपत्रक एका पानाचे असावे. वर्षानुसार किंवा विषयगटानुसार अभ्यासक्रमाचे नाव, एकके आणि श्रेणी हे तीन रकाने, खाली श्रेणींचा अर्थ सांगणारी एक ओळ, पालकांची सही आणि तारीख. जे अभ्यासक्रम घराबाहेर, म्हणजे महाविद्यालयात, ऑनलाइन किंवा शिक्षकाकडे केले त्यांच्यापुढे तशी खूण करावी.

या एका पानाला जोडून अभ्यासक्रमांची वर्णने द्यावीत, आणि घरी शिकलेल्या विद्यार्थ्याचे खरे वेगळेपण तिथेच दिसते. समजा, एका मुलीने तीन वर्षे रोज सकाळी पाऊस, तापमान आणि वाऱ्याची दिशा मोजून वहीत लिहिली. गुणपत्रकात ‘हवामानाचा छंद’ असे लिहिले तर वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी अभ्यासक्रमाला ‘हवामानशास्त्र आणि सांख्यिकीची ओळख’ असे नाव देऊन असे लिहावे: ‘पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापक वापरून तीन वर्षांच्या दैनंदिन नोंदी; मासिक सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची गणिते; शासकीय वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना व फरकांच्या कारणांची चर्चा करणारा २० पानी अहवाल; अहवालाचे परीक्षण भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापकांकडून.’ इथे एकही शब्द फुगवलेला नाही, तरीही साधने, पद्धत, फलित आणि तिऱ्हाईत परीक्षक हे चारही मुद्दे आले. मात्र उलट बाजूची चूकही होते. आठवड्यातून एकदा मावशीबरोबर माहितीपट पाहण्याला ‘चित्रपट अभ्यास’ म्हणून एक एकक देणारे गुणपत्रक बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास घालवते.

श्रेणींचा प्रश्न नाजूक आहे. सर्व विषयांत आईने दिलेली ‘अ’ श्रेणी कोणालाच काही सांगत नाही, आणि केवळ प्रामाणिक दिसावे म्हणून मुद्दाम एखादी ‘ब’ पेरणेही हास्यास्पद आहे. श्रेणी कशाच्या आधारे दिली ते वर्णनात लिहावे, म्हणजे घटक चाचण्या, निबंध किंवा प्रकल्प यांचा भार. आणि जिथे मोजण्यासारखे काही नव्हते तिथे श्रेणी न देता ‘पूर्ण’ एवढेच लिहावे.

चौथी पायरी: घराबाहेरचे पुरावे

घरच्या गुणपत्रकाला वजन येते ते त्याला बाहेरून दुजोरा मिळाला की. अमेरिकी विद्यापीठांसाठी एसएटी किंवा एसीटी या प्रमाणित प्रवेश चाचण्यांचे, अनुक्रमे १६०० आणि ३६ पैकी, गुण हा सर्वांत सोपा दुजोरा. एसएटी आता पूर्णपणे संगणकावर होते आणि २ तास १४ मिनिटांत संपते. महासाथीच्या काळात पुष्कळ विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली, त्यातील काहींनी ती पुन्हा सक्तीची केली. एमआयटीने हा निर्णय मार्च २०२२ मध्ये घेतला. घरी शिकलेल्यांनी ‘ऐच्छिक’ या शब्दाला फार भुलू नये. शाळेच्या विद्यार्थ्याकडे परीक्षा न देताही चार वर्षांचे शाळेचे गुण असतात. आपल्याकडे तो आधार नसतो. एकेका विषयाची एसएटी परीक्षा २०२१ साली बंद झाल्यापासून विषयवार ज्ञान दाखवण्याचे काम एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीच्या विषयवार, परीक्षांवर आले आहे. त्या दरवर्षी मे महिन्यात होतात, गुण १ ते ५ असतात आणि त्यासाठी एखाद्या शाळेने जागा द्यावी लागते. शाळा आपली मागणी आदल्या नोव्हेंबरातच नोंदवतात, तेव्हा शाळेशी बोलणे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू करावे. घरच्या गुणपत्रकात अभ्यासक्रमाच्या नावापुढे ‘एपी’ लिहायचे असेल तर त्याचा आराखडा या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तसे केले नसेल तर नुसते विषयाचे नाव लिहून परीक्षेचे गुण वेगळे नोंदवावेत.

याहूनही मोलाचा पुरावा म्हणजे महाविद्यालयाच्याच पातळीवरचा एखादा अभ्यासक्रम आधी पूर्ण केलेला असणे. जिथे सोय आहे तिथे सोळाव्या-सतराव्या वर्षी स्थानिक महाविद्यालयात एक-दोन विषय घ्यावेत. सोय नसेल तर देखरेखीखाली परीक्षा होणारे ऑनलाइन अभ्यासक्रम निवडावेत. भारतात स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन उपक्रमांच्या अभ्यासक्रमांना परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा देण्याची सोय असते. केवळ चित्रफिती पाहिल्याबद्दल मिळणाऱ्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा अशा एका परीक्षेचे वजन जास्त असते.

शिफारसपत्रांची तजवीज दोन वर्षे आधी करावी लागते, कारण आई-वडिलांचे शिफारसपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. ब्रिटनच्या यूकास या सामाईक अर्ज व्यवस्थेत कुटुंबीयांनी किंवा मित्रांनी शिफारस लिहू नये असा स्पष्ट नियम आहे. अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे तिथल्या सामाईक अर्जात, थोडा फरक आहे: तिथे पालक समुपदेशकाच्या भूमिकेतून गुणपत्रक आणि घरच्या शिक्षणपद्धतीची माहिती पाठवू शकतात, पण शिक्षकांची पत्रे वेगळी, बाहेरच्यांचीच हवीत. गणिताची शिकवणी घेणारे, ऑनलाइन वर्गातले प्राध्यापक, ग्रंथपाल, ज्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केले तिचे प्रमुख यांपैकी कोणी तरी मुलाला चूक करताना, ती दुरुस्त करताना आणि वाद घालताना पाहिलेले असावे. ज्यांनी फक्त बक्षीस देताना मुलाला पाहिले अशा प्रतिष्ठित व्यक्तीचे पत्र फिके पडते.

निवेदन किंवा निबंध यांविषयी थोडक्यात. कॉमन अ‍ॅपचा निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो, यूकासच्या निवेदनाला रिकाम्या जागा धरून ४००० अक्षरांची मर्यादा आहे. एवढ्या जागेत शाळा पद्धतीवर टीका करण्याचा मोह टाळावा, कारण वाचणारा बहुधा शाळेतच शिकलेला असतो आणि त्याला विद्यार्थ्याविषयी जाणून घ्यायचे असते. घरी शिकलो हे एका वाक्यात सांगून त्या मोकळ्या वेळेत कोणत्या प्रश्नाच्या मागे लागलो हे लिहावे.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या घड्याळाची सवय

प्रवेश मिळाला की पालकांना काम संपल्यासारखे वाटते, पण पहिल्या सत्रात जी मुले अडखळतात ती क्वचितच ज्ञानात कमी पडतात. घरी विषय समजेपर्यंत थांबता येत होते; महाविद्यालयात मंगळवारचे व्याख्यान समजो वा न समजो, गुरुवारी पुढचा धडा सुरू होतो. आवडत्या प्रकरणात आठवडाभर रमण्याची सवय लागलेल्या मुलाला नावडत्या विषयाचे काम शुक्रवारी रात्रीपर्यंत, अपुरे वाटत असूनही, जमा करावे लागते. ही सवय अंगवळणी पडायला सहा महिने ते वर्ष लागते, म्हणून शेवटचे वर्ष यासाठी थोडे वेगळे आखावे.

निदान एका विषयात घराबाहेरच्या माणसाने दिलेल्या मुदती असाव्यात आणि त्या चुकल्यास गुण कापले जावेत. आठवड्यातून एकदा तीन तासांची प्रश्नपत्रिका एका बैठकीत, हाताने लिहून, मध्ये न उठता सोडवावी. संगणकावर टंकलेखन करत मोठ्या झालेल्या मुलांचा हात तिसऱ्या तासाला दुखू लागतो आणि येत असलेली उत्तरे राहून जातात, हा अनुभव अगदी सर्रास येतो. पन्नास मिनिटांचे व्याख्यान मध्ये न थांबवता ऐकून टिपणे काढण्याचा सराव करावा, कारण चित्रफीत मागे नेण्याची सोय वर्गात नसते. गटात काम करण्याचा अनुभवही मुद्दाम मिळवावा लागतो, आणि इथे खेळाचा संघ किंवा नाटकाचा गट जेवढे शिकवतो तेवढे दोन भावंडांचा प्रकल्प शिकवत नाही. कामचुकार सहकाऱ्याला सांभाळून घेत वेळेत काम पूर्ण करणे हे कौशल्य घरात सहसा लागत नाही.

मदत मागणे हा याच सरावाचा भाग आहे. घरी शिकलेली बरीच मुले मोठ्यांशी निःसंकोच बोलतात, पण त्यांना अडल्यावर स्वतः पुस्तक धुंडाळण्याची इतकी सवय असते की प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन ‘मला हे कळले नाही’ म्हणणे त्यांना हरल्यासारखे वाटते. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक प्राध्यापकाला एकदा तरी एक छोटा, खरा प्रश्न घेऊन भेटावे. अध्ययन अक्षमता असेल आणि घरी तिला सहज सांभाळून घेतले जात असेल, तर परीक्षेत जादा वेळेसारखी सवलत मिळण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तो प्रवेशाच्या आधीच करून घ्यावा, कारण ‘आम्ही घरी असेच करत होतो’ हे कारण परीक्षा विभागाला पुरत नाही.

वयाबद्दलही बोलायला हवे. घरी शिकलेली काही मुले अभ्यासात पुढे असतात आणि त्यांना लवकर महाविद्यालयात पाठवण्याचा विचार येतो. एरिक डिमेन हे संगणकशास्त्रज्ञ घरी शिकून बाराव्या वर्षी कॅनडातील डलहौसी विद्यापीठात दाखल झाले आणि २००१ साली, विसाव्या वर्षी, एमआयटीत प्राध्यापक झाले. अशी उदाहरणे मनाला भुरळ घालतात. पण तेरा वर्षांच्या मुलाला वर्गात गणित जमले तरी वर्गाबाहेरच्या तासांत वीस वर्षांच्या वर्गमित्रांसोबत काय करायचे, हा प्रश्न उरतोच. लवकर जायचेच असेल तर आधी एक-दोन विषय घेऊन पाहावे आणि संपूर्ण पदवीचा निर्णय वर्षभराने करावा.

पालकांची बदललेली जागा

जी आई दहा वर्षे शिक्षिका, मुख्याध्यापिका, लेखनिक आणि परीक्षक होती, तिला महाविद्यालयाच्या लेखी काहीच स्थान नसते, आणि हा बदल पालकांना मुलांपेक्षा जड जातो. अमेरिकेत तर १९७४ च्या संघराज्य कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात दाखल होताच, त्याचे वय काहीही असले तरी, शैक्षणिक नोंदींवरचे पालकांचे हक्क विद्यार्थ्याकडे जातात; गुण विचारायला फोन केला तर कार्यालय नम्रपणे नकार देते. म्हणून प्रवेशाच्या वर्षातच कामे हस्तांतरित करावीत. प्रवेश विभागाला पत्रे मुलाने लिहावीत, शुल्काच्या तारखा मुलाने दिनदर्शिकेत मांडाव्यात, चुकलेला कागद आणायला मुलानेच परत जावे. पालकांनी पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे, आणि व्याकरणाच्या दोन चुका दिसल्या तरी शक्य झाल्यास तशाच जाऊ द्याव्यात.

पहिल्या सत्रात गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तर लगेच ‘घरी शिकवल्यामुळे’ असा निष्कर्ष काढू नये. शाळेतून आलेल्यांचेही पहिले सत्र पुष्कळदा कमी गुणांनी जाते. उत्तरपत्रिका मागवून गुण कुठे गेले ते पाहावे. वेळ कमी पडला, प्रश्न चुकीचा वाचला की विषयच कळला नव्हता, या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आणि ती फाइल? प्रवेश झाल्यावर बरेच जण नोंदवह्या रद्दीत देतात. गुणपत्रक, अभ्यासक्रमांची वर्णने, मंडळाची मूळ प्रमाणपत्रे, संस्थांची लेखी उत्तरे आणि समकक्षता प्रमाणपत्र यांच्या स्वच्छ प्रती काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण पदव्युत्तर अर्ज, परदेशी व्हिसा किंवा नोकरीपूर्व पडताळणीत शालेय वर्षांचा हिशेब पुन्हा मागितला जातो. शिफारस लिहिणाऱ्या शिक्षकांचे पत्ते त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की तो त्यांनाही कळवावा.